खून कुणाचा झाला?

रहस्यकथेत सगळ्यांत कमी विचारपूस होते ती ज्याचा खून झाला त्याची. पंधरा-वीस पानं तो जिवंत असतो, चार माणसांशी भांडतो, मृत्युपत्र बदलायची धमकी देतो, आणि एका सकाळी मोलकरीण चहा घेऊन जाते तेव्हा खोलीत पालथा पडलेला सापडतो. डॉक्टर येऊन मृत्यूची वेळ सांगतात. पुढची दोनशे पानं चर्चा कशाची? कुलपाची, घड्याळाची, खिडकीच्या कडीची, कोण किती वाजता कुठे होतं त्याची. मेलेला माणूस नुसती खुंटी, तिच्यावर कोडं टांगायचं. त्याला काय आवडायचं, तो गेल्यावर कुणाला जेवण गेलं नाही, हे विचारायला कुणी थांबत नाही.

रहस्यकथा मी शाळेपासून वाचते आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आमच्या घरी एकेका बैठकीत फस्त व्हायचे, आणि खून झालेल्याचं नाव पुस्तक मिटताक्षणी विसरलेलं असायचं. त्यात काही वावगं वाटायचं नाही. या हिवाळ्यात मात्र ते खटकायला लागलं, कारण या हिवाळ्यात मी दुपारी रहस्यकथा आणि रात्री कविता अशी दोन्ही वाचनं एकाच वेळी चालवली होती. ग्वाल्हेरचा जानेवारी वाचणाऱ्यांसाठीच असतो. कोहरा अकरा-अकरा वाजेपर्यंत हटत नाही, दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, ऊन पडलं की सगळा मोहल्ला गजक घेऊन छतावर जाऊन बसतो आणि चार वाजले की पुन्हा रजाईत शिरतो. त्यात आत्याची पुस्तकं आमच्याकडे आली होती. आत्या नोव्हेंबरात गेली.

पहिलं हाताला लागलं ते अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याचं जाडजूड पुस्तक. पो दोन्ही कपाटांत बसतो, रहस्याच्याही आणि कवितेच्याही. १८४१ मध्ये त्याने 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा लिहिली. आपण जिला गुप्तहेरकथा म्हणतो तिची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. पॅरिसमधल्या एका घरात आई आणि मुलगी अशा दोघी मारल्या जातात. आई मागच्या अंगणात सापडते, गळा चिरलेला. मुलगी धुराड्यात, डोकं खाली आणि पाय वर अशी कोंबलेली. शेजाऱ्यांनी आतून दोन आवाज ऐकलेले असतात, त्यातला एक कुठल्या भाषेतला यावर साक्षीदारांचं एकमत होत नाही. प्रत्येकाला तो आपल्याला न येणाऱ्या भाषेतला वाटतो. ही कल्पना आजही थक्क करते.

तपासाला निघताना पोचा गुप्तहेर द्युपाँ आपल्या मित्राला म्हणतो की या चौकशीत आपली करमणूक होईल. आणि कथा सांगणारा तो मित्र तिथे कंस टाकून नोंद करतो की हा शब्द इथे मला विचित्र वाटला. मी त्या कंसापाशी बराच वेळ थांबले. अंगणात एक बाई पडली आहे, धुराड्यात तिची मुलगी, आणि करमणूक! पोला ते ऐकू आलं होतं. त्याने ते झाकलं नाही, खोडलंही नाही, मित्राच्या तोंडून एकदा बोलून दाखवलं आणि पुढे खिडकीच्या खिळ्याकडे वळला. या साहित्यप्रकाराच्या पहिल्याच कथेत त्याचं सगळं पुढचं आयुष्य दिसतं. मन एकदा चरकणार, आणि मग खिळ्याकडे वळणार.

पुढची कथा वाचताना हे जास्त टोचलं. न्यूयॉर्कमध्ये तंबाखूच्या दुकानात काम करणारी मेरी रॉजर्स नावाची मुलगी जुलै १८४१ मध्ये हडसन नदीत मृत सापडली. वर्तमानपत्रांनी ते प्रकरण खूप दिवस चघळलं. पोने तिचं नाव फ्रेंच केलं, हडसनची सेन नदी केली, आणि द्युपाँला घरबसल्या वर्तमानपत्रं वाचून तर्क लढवायला लावले. खरी मेरी कुणी मारली, मारली की आणखी काही झालं, ते कधीच सिद्ध झालं नाही. कथेत पाण्यात प्रेत किती दिवसांनी वर येतं यावर पानंच्या पानं आहेत. त्यातल्या शास्त्राबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण खरीखुरी मुलगी असताना ती पानं वाचवत नाहीत. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांशी ती कशी बोलायची, तिच्या आईचं पुढे काय झालं, यातलं काहीच द्युपाँला नको आहे.

आणि हाच माणूस रात्री काय लिहितो? १८४२ च्या जानेवारीत त्याची तरुण बायको व्हर्जिनिया गात असताना तिच्या तोंडातून रक्त आलं. क्षय होता. पाच वर्षं ती मरणाच्या दारात ये-जा करत राहिली आणि १८४७ च्या जानेवारीत गेली. अधल्यामधल्या काळात, १८४५ मध्ये, 'द रेव्हन' छापून आली. डिसेंबरातली मध्यरात्र, लेनोर गेलेली, तिचं दुःख विसरायला एक जण जुनी पुस्तकं चाळतो आहे, आणि दारावर टकटक होते. एक काळा पक्षी आत येऊन पुतळ्याच्या डोक्यावर बसतो. त्याला एकच शब्द येतो, 'नेव्हरमोअर'. आता कधीच नाही.

मला या कवितेत सर्वांत भेदक काय वाटलं तर तो माणूस प्रश्न विचारत राहतो ते. पक्ष्याचं उत्तर त्याला ठाऊक झालेलं असतं. तरी तो आधी साधं विचारतो, मग जिव्हारी लागेल असं विचारतो. या दुःखावर काही उतारा आहे का? नेव्हरमोअर. लेनोर मला पुन्हा भेटेल का? नेव्हरमोअर. गुप्तहेर प्रश्न विचारतो तो उत्तर हवं असतं म्हणून. हा विचारतो कारण विचारणं थांबवलं तर लेनोरचं नावही घेता येणार नाही. घरात माणूस गेलं की आपणही असंच करतो. डॉक्टर नक्की काय म्हणाले, त्या दिवशी सकाळी ती काय बोलली, तू किती वाजता पोचलास, हे तेच तेच पुन्हा पुन्हा विचारतो. उत्तरं पाठ झालेली असतात.

पोने नंतर एक निबंध लिहून सांगितलं की ही कविता मी गणित सोडवावं तशी, शेवट आधी ठरवून मागे येत येत रचली. तेही असेल. पण त्याच निबंधात तो म्हणतो की सुंदर स्त्रीचा मृत्यू हा जगातला सर्वांत काव्यमय विषय आहे. हे मला अजिबात मान्य नाही. धुराड्यातली ती मुलगी सुंदर होती की नव्हती, कुणी पाहिलं? तिच्या वाट्याला कविता का नाही? दुःखाचा वाटा रूपावरून ठरवायचा असेल तर कविताही त्या करमणुकीच्या शब्दापासून फार लांब उभी नाही.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. जुन्या सरदारांच्या नावांच्या गोठी, म्हणजे वस्त्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अजून आहेत, त्यातल्या एका गोठीत तिचं घर. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, रहस्यकथांची अट्टल वाचक. तिची एक पद्धत होती. पुस्तक निम्म्यावर आलं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहायचं, खाली पान क्रमांक टाकायचा आणि मगच पुढे वाचायचं. बरोबर निघालं तर नावाखाली रेघ, चुकलं तर काही नाही, खोडायचं मात्र नाही. चष्म्याच्या घरात बोटभर पेन्सिल कायम असायची. पुस्तकं आमच्याकडे आली तेव्हा मी सगळ्यांचे मागचे पुठ्ठे पाहून घेतले. रेघा भरपूर होत्या.

ॲगाथा ख्रिस्तीची तिच्याकडे एक पूर्ण ओळ होती. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होती, विषांची तिची माहिती तिथली, आणि तिचं पहिलं पुस्तक १९२० चं, त्यातही विषच. हे आत्याने मला फार पूर्वी सांगितलं होतं. ख्रिस्तीने कविताही लिहिल्या, १९२५ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं, आणि त्यात औषधखान्यातल्या बाटल्यांवरही एक कविता आहे, हे तिला माहीत असतं तर ती किती खूश झाली असती!

ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांमध्ये बालगीतं फार येतात. 'अँड देन देअर वेअर नन' मध्ये, ही १९३९ ची, बेटावरच्या घरात प्रत्येक खोलीत एक गाणं लावलेलं असतं. दहा जण होते, एक गेला, नऊ उरले. नऊ होते, एक गेला. त्याबरहुकूम माणसं मरत जातात आणि जेवणाच्या टेबलावरची एकेक बाहुली नाहीशी होते. हे पुस्तक मी आधीही वाचलं होतं. या वेळी त्या गाण्याचीच भीती वाटली. गाणं मोजतं, बस. कोण गेलं याची त्याला फिकीर नाही, वजाबाकी बरोबर आली की झालं. मुलांना आपण किती निर्धास्तपणे असली गाणी शिकवतो.

'अ पॉकेट फुल ऑफ राय' मी वाचलेलं नव्हतं. १९५३ चं. यातही बालगीत आहे. श्रीमंत व्यापारी विषाने मरतो आणि त्याच्या कोटाच्या खिशात धान्य सापडतं. मग त्याची बायको मरते. आणि मधेच ग्लॅडिस नावाची मोलकरीण. चहाचा दुसरा ट्रे घेऊन ती आलीच नाही एवढंच लोकांच्या लक्षात येतं. बऱ्याच उशिरा ती मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी सापडते. गळा आवळलेला, आणि नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला. गाण्यात पक्षी येऊन मोलकरणीचं नाक तोडतो ना, म्हणून चिमटा.

त्या पानावर समासात आत्याची पेन्सिल होती. खुन्याचं नाव नाही. लिहिलं होतं: 'वय काय हिचं?'

बाकी कुठल्याही पुस्तकात तिने समासात काही लिहिलेलं मला आढळलं नाही. मी पुढे वाचत गेले आणि कळलं की तो प्रश्न पुस्तकाच्या अगदी वर्मावर होता. कारण ख्रिस्तीची म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल या घरात येते ती व्यापाऱ्यासाठी नाही, ग्लॅडिससाठी येते. अनाथाश्रमातली ही मुलगी तिनेच घरात ठेवून घेऊन कामाला शिकवलेली. थोडी बावळट, सतत सर्दी झाल्यासारखी बोलणारी, कुणीतरी आपल्याला आवडून घ्यावं म्हणून आसुसलेली. म्हातारी वर्तमानपत्रात वाचते आणि गाडी पकडून येते. पोलीस अधिकाऱ्यापुढे बसून ती बोलते ते त्या चिमट्याबद्दल. मारलं ते मारलं, वर हे? मेलेल्या पोरीची ही विटंबना कशासाठी? शांतपणे विणकाम करणारी ही बाई खरोखर संतापलेली असते, आणि कोडं सुटतं ते त्या संतापाच्या जोरावर. ग्लॅडिस कशी होती, कुणावर विश्वास टाकेल, काय सांगितलं तर तिला खरं वाटेल, हे तिला ओळखणारीलाच कळणार होतं. पोलिसांना ती फक्त मधे मेलेली मोलकरीण होती.

शेवटाकडे मिस मार्पलला ग्लॅडिसचं एक पत्र मिळतं, वेळेवर न पोचलेलं. त्यात काय आहे ते सांगत नाही. ते वाचून म्हातारीचे डोळे भरतात आणि मग राग येतो, या क्रमाने. रहस्यकथेत मी एवढं खरं काही फार क्वचित वाचलं आहे.

पुण्याला असलेल्या आतेभावाला हे सगळं मी फोनवर सांगितलं. आईच्या अक्षराबद्दल ऐकून तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, पण प्रत्येक रहस्यकथेत रडारड घातलीस तर कोडं राहील का? लोक डोकं चालवायला वाचतात, श्राद्ध घालायला नाही." त्याचं म्हणणं मी सोडून देत नाही, त्यात तथ्य आहे. रात्री प्रवासात, इस्पितळाच्या बाहेर बसून, ताप असताना मी रहस्यकथाच वाचलेल्या आहेत, आणि त्यांत शोक नसतो म्हणूनच त्या वेळी त्या वाचवल्या. आत्याही नवरा गेल्यावर वर्षभर दुसरं काही वाचत नव्हती. पण मिस मार्पलने रडूनही कोडं सोडवलंच की! किंबहुना तिला हळहळ वाटली म्हणून ते सुटलं. हे एकीला जमलं तर इतरांनी प्रयत्न तरी करावा.

आत्याच्या तेराव्याला गोठीतल्या घरात मांडव होता. सकाळी उदकशांत झाली, दुपारी गोडाचं जेवण. पंगती उठल्या आणि तासाभरात अंगणातली हवा पालटली. कुणी परतीच्या रिझर्वेशनचं विचारत होतं, कुणाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी तिथेच पुढे सरकली, दोन मामा जुन्या कुठल्यातरी गोष्टीवर पोट धरून हसत होते. आत्याच्या खुर्चीवर कुणाचं तरी झोपलेलं बाळ ठेवलं होतं. मला ते पाहवेना. मी आतल्या खोलीत गेले आणि तिच्या कपाटातून तांब्यांची 'समग्र कविता' काढून बसले, ती तिथे वरच होती म्हणून.

भा. रा. तांबे आमचे. जन्म १८७३ चा, मुंगावलीचा. उमेदीची वर्षं मध्य भारतातल्या संस्थानांत गेली, पुढे ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरलाच गेले. त्यांच्या कित्येक कवितांखाली जाती, राग, ठिकाण आणि तारीख छापलेली असते. ठिकाण म्हणून 'लष्कर-ग्वाल्हेर' वाचलं की मला अजून शहारा येतो. इथेच कुठल्यातरी घरात, या थंडीत किंवा मे महिन्याच्या लूमध्ये, हे लिहिलं गेलं. रहस्यकथांची सवय असलेल्या वाचकाला तर तळाची ती ओळ जबानीखालच्या सहीसारखी दिसते.

'जन पळभर म्हणतील हाय हाय' मला लताबाईंच्या आवाजात पाठ होती. गाणं म्हणून ऐकताना ती उदास वाटते, सूरच तसा आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ती नुसती वाचली, आणि बाहेरून हसण्याचे आवाज येत असताना वाचली. सखेसोयरे डोळे पुसतील आणि पुन्हा आपल्या कामाला लागतील, उठतील, बसतील, हसून खिदळतील, असं त्यात आहेच. बाहेर अक्षरशः तेच चाललं होतं. आणि हे सांगतो कोण आहे? जाणारा स्वतः. रहस्यकथेत ज्याला कुणी विचारत नाही, तो इथे एकटा बोलतो आहे आणि बाकीचे सगळे गप्प आहेत. त्याची तक्रार नाही. तो लांबून जवळ येतो. आधी सूर्य, चंद्र, तारे आपापल्या क्रमाने चालतील. मग मेघ वर्षतील, शेतं पिकतील, नद्या वाहतील. मग सखेसोयरे. आणि मग विचारतो की राम-कृष्णही आले नि गेले, त्यांच्यावाचून जग ओस पडलं का, कुणी कायमचं सूतक धरलं का? आमचं सूतक त्याच दिवशी फिटलं होतं.

माझा राग ओसरला तो 'सूतक' वाचून. पण मी अडकले ती दुसऱ्याच ओळीत.

'कुणा काळजी की न उमटतील
पुन्हा तटावर हेच पाय?'

रहस्यकथेत पावलं उमटतात. ओल्या मातीत, खिडकीखालच्या वाफ्यात, टाच खोल रुतलेली, डाव्या पायाने थोडं लंगडणारी. कोण येऊन गेलं ते पावलं सांगतात. तांबे उलट बाजूने बघतात. नदीचा काठ आहे, पाणी गर्वाने वाहतं आहे, आणि काठावर एक विशिष्ट पाऊल आता कधीच उमटणार नाही. जे नाही त्याची नोंद कोण घेणार? कुठलाही गुप्तहेर भिंग घेऊन न उमटलेलं पाऊल शोधायला जात नाही. कविता जाते. आणि 'हेच' या शब्दात ते पाय किती जवळ आले आहेत बघा. बोलता बोलता त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं आहे.

हे लिहिताना गडकऱ्यांची ती आई आठवते. 'राजहंस माझा निजला' मधली. समोर पुरावा आहे, सगळे लोक सांगताहेत, आणि ती सगळ्यांनाच दटावते की गलबला करू नका, मूल झोपलं आहे. वस्तुस्थिती काय ते सर्वांना माहीत असताना एकीने ती नाकारायची, आणि वाचणाऱ्याने तिच्या बाजूने उभं राहायचं! ती कविता मी सलग वाचू शकत नाही, म्हणून इथेच सोडते.

तांब्यांवरून इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगकडे जाणं ओघानेच आलं, कारण तांब्यांच्या नाट्यगीतांचं त्याच्याशी नातं सांगितलं जातं. त्याची 'माय लास्ट डचेस', १८४२ ची, कॉलेजात शिकलेली होती. आता वाचली तर ती सरळ खुनाची कबुली आहे. ड्यूक दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसाला पहिल्या बायकोचं चित्र दाखवतो. पडदा बाजूला करतो आणि तिच्या कागाळ्या सांगू लागतो. ती सगळ्यांवर खूश व्हायची. सूर्यास्तावर. बागेत कुणीतरी तिच्यासाठी तोडून आणलेल्या चेरीच्या डहाळीवर. गच्चीवर ज्यावरून फिरायची त्या पांढऱ्या खेचरावर. माझ्या नऊशे वर्षांच्या घराण्याचं नाव आणि ती डहाळी तिला सारखीच! मग मी हुकूम दिले, सगळी स्मितं एकदम थांबली. आणि चला खाली, जाता जाता हा ब्राँझचा पुतळा बघा.

खुनी कोण ते तोच सांगतो, लपवाछपवी काही नाही. त्याला ती बाई पुसून टाकायची होती, पण ज्या ज्या गोष्टीबद्दल तो तिला दोष देतो त्या प्रत्येक गोष्टीत ती जिवंत होत जाते. तिला नाव नाही, एक शब्द बोलायला मिळत नाही, तरी कविता संपते तेव्हा आपल्याला ड्यूकपेक्षा तीच जास्त ओळखीची झालेली असते. चेरी आवडणारी, कुणालाही मनापासून थँक्यू म्हणणारी मुलगी.

आणि मग 'द रिंग अँड द बुक'. हे फार मोठं काव्य आहे, एकवीस हजारांवर ओळी, बारा भाग, १८६८-६९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. ब्राउनिंगला १८६० मध्ये फ्लॉरेन्सच्या बाजारात रस्त्यावरच्या दुकानात एक जुनं पिवळं बाड मिळालं, एका लिऱ्याला. त्यात १६९८ च्या रोममधल्या एका खुनाच्या खटल्याचे कागद होते. गीदो नावाच्या सरदाराने भाडोत्री माणसं नेऊन आपली बायको पाँपिलिया आणि तिचे आईबाप यांना भोसकलं. आईबाप जागीच गेले, ती चार दिवस जगली. हे सगळं पहिल्याच भागात सांगून टाकलेलं आहे, कोण, कुठे, का, कसं, शेवट काय झाला तेसुद्धा. मग तीच हकिगत निरनिराळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा. अर्धं रोम एक म्हणतं, अर्धं दुसरं. नवरा आपली बाजू मांडतो. मी हे सावकाश वाचते आहे, काही भाग रटाळ आहेत, इंग्रजी जड आहे.

सातवा भाग पाँपिलियाचा. मरणाच्या बिछान्यावरून ती बोलू लागते, आणि तिचं पहिलंच वाक्य वयाचं आहे. मला सतरा वर्षं आणि पाच महिने झाले. अजून एक दिवस जगले तर वर तीन आठवडे. चर्चच्या वहीत लिहिलेलं आहे, माझी सगळी नावंही लिहिलेली आहेत, एवढ्याशा मुलीला केवढी नावं. त्याच वहीत माझं लग्नही लिहिलं आहे, चार वर्षांपूर्वीचं. आता माझा मृत्यू लिहितील तेव्हा कसा झाला ते सगळं वगळावं, आणि त्या जागी एवढंच घालावं की बरोबर दोन आठवडे ती एका मुलाची आई होती.

मी पुस्तक पालथं ठेवून उठले आणि आतेभावाला फोन लावला. या ओळींचं जमेल तसं मराठी करून वाचून दाखवलं. 'कसा झाला ते वगळावं' यावर त्याने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, "हे कुठे मिळेल?" पुस्तक टपालाने मागवतो म्हणाला.

तिच्यानंतर दोन वकिलांचे भाग येतात. गीदोचा वकील बचावाचं भाषण लॅटिनमध्ये रचतो आहे आणि मधेमधे त्याचं मन घरी चाललं आहे, कारण त्याच्या मुलाचा वाढदिवस आहे आणि मेजवानीची तयारी चाललेली आहे. वाक्य जुळवायचं, मुलाच्या लाडात हरवायचं, परत वाक्याकडे यायचं. हा त्या तेराव्याच्या अंगणातला माणूस आहे, तांब्यांच्या कवितेतला सोयरा. मी त्याला तिथे ओळखलं आणि मला त्याचा राग आला नाही. ब्राउनिंगलाही आलेला दिसत नाही, त्या मुलाचं कौतुक त्याने मन लावून रंगवलं आहे. पण पाँपिलियाला आधी पुरतं बोलू देऊन, मगच वकिलाला उभं केलं आहे. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. रहस्यकथांनी दुसरं काही घेतलं नाही तरी हा घ्यावा.

सध्या दहाव्या भागात आहे. म्हातारा पोप एकटा बसला आहे, पुढ्यात खटल्याचे सगळे कागद, आणि गीदोची शिक्षा कायम करायची की नाही ते त्याला ठरवायचं आहे.